मॉडच्या बळावर गेम स्टुडिओत शिरता येते का?

अर्धा नकाशा (प्रश्न)

नमस्कार. गेली चार वर्षे मी दिवसाची नोकरी सांभाळून 'स्कायरिम' या गेमसाठी मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये बाहेरच्यांनी केलेले बदल आणि भर, करतो आहे. सुरुवात शस्त्रांचे आकडे बदलण्यापासून झाली, पुढे 'क्रिएशन किट' या त्याच्या एडिटरमध्ये गुहा आणि किल्ले रचू लागलो आणि गेल्या वर्षी साधारण ४ तास चालेल अशी एक स्वतंत्र क्वेस्ट (खेळातली मोहीम) पूर्ण करून प्रसिद्ध केली. तिची कथा, संवाद, जागांची रचना आणि 'पपायरस' या स्कायरिमच्या स्क्रिप्ट-भाषेतल्या स्क्रिप्ट माझ्या आहेत. आवाज मात्र ओळखीच्या तिघांनी दिले आहेत. खेळणाऱ्यांचा प्रतिसाद चांगला आहे, आणि तक्रारी अजूनही येत असल्यामुळे दुरुस्तीचे काम कधी संपतच नाही.

आता मला पूर्ण वेळ याच क्षेत्रात यायचे आहे. आतापर्यंत ११ स्टुडिओंकडे अर्ज केले. नऊ ठिकाणांहून काहीच कळले नाही, एका ठिकाणाहून नम्र नकार आला आणि एका ठिकाणी मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझा मॉड स्वतः खेळून पाहिला होता, याचे मला फार अप्रूप वाटले. पण त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "यातले तुमचे नेमके काय?" मी म्हणालो, "सगळेच." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, की लढाई तुमची नाही, पात्रांच्या हालचाली तुमच्या नाहीत, शत्रूंचे वागणे तुमचे नाही, भिंतीचे दगडसुद्धा तुमचे नाहीत, एवढे वजा केल्यावर काय उरते ते मला सांगा. मला ते धड सांगता आले नाही, आणि घरी आल्यावर स्वतःलाही सांगता येईना.

म्हणून जाणकारांना विचारतो. नोकरीच्या अर्जात मॉडला खरोखर किती वजन असते? मॉडिंग थांबवून 'अनरियल' या गेम इंजिनमध्ये अगदी लहान का होईना, पण स्वतःचा गेम करणे अधिक शहाणपणाचे ठरेल का? आणि मी सगळेच थोडे थोडे करत आलो असल्यामुळे अर्ज नेमका कोणत्या पदासाठी करावा?

तळघर

त्या बाईंनी विचारलेला प्रश्न मीही उमेदवारांना विचारतो, त्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी थोडी माझ्याकडेही येते. मी लेव्हल डिझायनर, म्हणजे खेळातल्या जागा रचणारा, आहे. 'हाफ-लाइफ'चे नकाशे रचता रचता या धंद्यात आलो, आणि आता नव्या उमेदवारांचे काम तपासणाऱ्यांत असतो.

हा रस्ता जुना आहे, पण त्याबद्दल जे किस्से सांगितले जातात त्यांत दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. १९९३ साली आलेल्या 'डूम'मध्ये आयडी सॉफ्टवेअरने नकाशे, चित्रे आणि आवाज इंजिनापासून वेगळे काढून 'वॅड' नावाच्या फाइलींत ठेवले होते, म्हणून मूळ प्रोग्रॅमला हात न लावता कोणालाही स्वतःची लेव्हल त्यात घालता येत असे. टिम विलिट्स यांनी अशा लेव्हल करून इंटरनेटवर टाकल्या आणि १९९५ साली आयडीनेच त्यांना कामावर घेतले. येथे स्टुडिओने माणसाचा हात पाहिला. आता 'काउंटर-स्ट्राइक' घ्या. मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांचा हा 'हाफ-लाइफ'वरचा मॉड १९९९ साली आला आणि पुढच्याच वर्षी 'हाफ-लाइफ' करणाऱ्या व्हॉल्व्हने तो आपल्याकडे घेतला. १९९६ सालच्या 'क्वेक'वरच्या 'टीम फोर्ट्रेस'चे कर्तेही १९९८ साली व्हॉल्व्हमध्ये गेले. या दोन प्रसंगी स्टुडिओला हवा होता तो खेळ. कर्ते त्या खेळाबरोबर आले. तुम्ही जिथे उभे आहात ते दार विलिट्स यांचे आहे, आणि मन मात्र बहुधा काउंटर-स्ट्राइकच्या दाराकडे लागलेले असते. आपला मॉड लाखो लोकांनी उतरवून घ्यावा, मग कोणीतरी बोलावेल, अशी वाट पाहणारे कितीतरी गुणी लोक मी पाहिले आहेत. उतरवून घेणाऱ्यांच्या आकड्याकडे आमच्या टेबलावर क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

आता तुमच्या मुलाखतीकडे येतो. भिंतीचे दगड तुमचे नाहीत, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण ते मूळ गेमच्या लेव्हल डिझायनरांचेही नव्हते. स्कायरिमच्या गुहा आणि अवशेष हे सुट्या तुकड्यांच्या संचांतून जुळवलेले आहेत. कलाकारांनी भिंत, कमान, जिना, कोपरा असे एकमेकांत नेमके बसणारे तुकडे केले आणि डिझायनरांनी त्यांतून जागा उभ्या केल्या. दुसऱ्याच्या दगडांतून, दुसऱ्याने ठरवलेल्या लढाईसाठी, तिसऱ्याने लिहिलेल्या शत्रूंना घेऊन जागा रचणे हेच लेव्हल डिझायनरचे रोजचे काम असते. म्हणजे तुम्ही जे केले ते त्याच संचातून केले, आणि म्हणून तुमचे काम व्यावसायिक कामाशेजारी जितक्या सरळपणे ठेवून पाहता येते तितके शून्यापासून केलेल्या एकट्याच्या गेमचे सहसा पाहता येत नाही. त्या प्रश्नाला हे एक उत्तर होते. अर्थात ते अर्धेच आहे.

उरलेले अर्धे उत्तर तुमच्या निर्णयांत आहे. एक उदाहरण देतो. स्कायरिमच्या बहुतेक गुहांत शेवटच्या दालनातून एक वाट निघते आणि खेळाडूला परत प्रवेशाजवळ आणून सोडते, म्हणजे रिकाम्या झालेल्या खोल्यांतून उलटे चालत यावे लागत नाही. तुमच्या क्वेस्टमध्ये ती वाट आहे का? असेल, तर ती सवयीने आली की जाताना तिचे बंद टोक खेळाडूला दिसेल आणि येताना ओळखू येईल अशा विचाराने ठेवली? नसेल, तर उलटे चालण्याचा कंटाळा तुम्ही जाणूनबुजून पत्करला का, आणि त्याच्या मोबदल्यात काय मिळवले? उमेदवार यावर पाच मिनिटे तपशिलात बोलू शकला, की आम्हाला जे हवे असते ते मिळते. मी मॉड उघडतो तेव्हा आणखी दोन गोष्टी पाहतो. सोबतचे पात्र दारात किंवा जिन्यावर अडकते का, कारण नेव्हमेश (पात्रांना कुठून चालता येईल हे सांगणारा अदृश्य आराखडा) नीट बसवणे हे कंटाळवाणे काम आहे आणि कंटाळवाणे काम कोण करतो ते तिथे कळते. आणि होकायंत्रावरचा बाण झाकला, तर पुढे कुठे जायचे हे जागा स्वतः सांगते का.

पदाबद्दल विचाराल, तर क्वेस्ट डिझाइन किंवा लेव्हल डिझाइन यांपैकी एकाची निवड करा आणि अर्जात तेवढेच पुढे ठेवा. मोठ्या स्टुडिओत 'सगळे थोडे थोडे' या नावाचे पद नसते. लहान स्टुडिओत असते, पण तिथे जागा मुळात कमी.

अर्धविराम

मी प्रोग्रॅमर आहे, म्हणून 'तळघर' यांनी न उचललेली बाजू तेवढी सांगतो.

स्कायरिममध्ये चालू असलेल्या स्क्रिप्ट आणि त्यांतल्या चलांची मूल्ये खेळाडूच्या सेव्ह फाइलमध्ये जाऊन बसतात. त्यामुळे तुम्ही मॉडची नवी आवृत्ती काढलीत तरी जुन्या सेव्हमध्ये जुनी मूल्ये जिवंत राहतात, आणि अर्ध्यावर क्वेस्ट सोडून गेलेला खेळाडू परत येतो तेव्हा तुमचा नवा कोड आणि त्याची जुनी स्थिती यांची गाठ पडते. हा प्रश्न तुम्ही सोडवला असेल, आणि वर्षभर दुरुस्ती चालू आहे त्या अर्थी सोडवला असणारच, तर प्रसिद्ध झालेल्या उत्पादनाची देखभाल म्हणजे काय हे तुम्हाला पुष्कळ नव्या पदवीधरांपेक्षा अधिक ठाऊक आहे. मला कोणाच्या मॉडची पहिली आवृत्ती पाहण्यात फारसा रस नसतो. सहावी आवृत्ती का काढावी लागली, तिच्यासोबतच्या टिपणात काय लिहिले होते आणि ज्यांचे खेळ बिघडले त्यांना कोणत्या शब्दांत उत्तर दिले, हे मी आधी वाचतो.

दुसरे असे, की दुसऱ्याचा कोड वाचता येणे ही या व्यवसायातली सर्वांत कमी शिकवली जाणारी आणि सर्वांत जास्त लागणारी गोष्ट आहे. 'युनिटी' या इंजिनात केलेल्या गेमसाठी 'हार्मनी' हे साधन वापरून मॉड करणारा माणूस कोणतेही दस्तऐवज हाताशी नसताना मूळ फंक्शन शोधतो, ते काय करते याचा अंदाज बांधतो आणि चालू प्रोग्रॅममध्ये त्याच्या आधी किंवा नंतर आपला कोड जोडतो. आमच्याकडे नवीन माणसाचे पहिले सहा महिने जवळजवळ असेच जातात, फरक इतकाच की शेजारी विचारायला कोणीतरी असते.

मात्र प्रोग्रॅमरच्या पदासाठी केवळ पपायरस पुरणार नाही. सी++ लागेल, आणि इतरांना वाचता येईल असा कोड उघड ठेवावा लागेल.

ज्या गेमचे मॉड करता त्याच्याच स्टुडिओकडे जाण्याची वाट 'तळघर' यांच्या विलिट्सच्या उदाहरणात ओझरती आली, ती मला सर्वांत खरी वाटते. सीडी प्रोजेक्ट रेडने २०२१ साली आपल्याच गेमांच्या मॉडिंग समुदायातल्या काही जणांना कामावर घेतले. 'फॅक्टोरिओ'साठी 'स्पेस एक्स्प्लोरेशन' हा अवाढव्य मॉड करणाऱ्याला वूब या स्टुडिओने आपल्यात घेतले, आणि २०२४ साली आलेल्या 'स्पेस एज' या विस्तारात त्याचा हात होता. कारण उघड आहे: अशा माणसाला त्यांचे इंजिन, त्याच्या खोडी आणि खेळणाऱ्यांच्या सवयी शिकवाव्या लागत नाहीत.

उरलेली शाई

वरची दोन्ही उत्तरे चांगली आहेत, पण ती आत पोहोचलेल्या माणसांची आहेत. मी सहा वर्षे मॉड केले आणि आत पोहोचलो नाही, तेव्हा दाराबाहेरून काय दिसते तेही लिहून ठेवतो.

एका स्टुडिओने माझ्या मॉडचे तोंड भरून कौतुक केले आणि 'केवळ औपचारिकता' म्हणून एक लेव्हल करून मागितली. तीन आठवडे रात्री जागून ती केली, मोबदला अर्थातच नव्हता, आणि पाठवल्यानंतर एक ओळही आली नाही. अशी चाचणी मागितली गेली तर किती तासांची आहे हे आधी लेखी विचारा, आणि उत्तर गोलमोल असेल तर नाही म्हणा. शिवाय २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत या उद्योगात हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या आहेत. पहिल्या पायरीच्या जागेसाठी आता दहा वर्षांचा अनुभव असलेला माणूसही रांगेत असतो. तुमच्या नऊ मौनांचा अर्थ लावताना हे लक्षात असू द्या. त्यांत तुमच्या मॉडचा दोष असेलच असे नाही.

मालकीचाही विचार करा. २०१५ सालच्या एप्रिलमध्ये स्कायरिमचे मॉड 'स्टीम' या गेमांच्या ऑनलाइन दुकानात पैसे घेऊन विकण्याची सोय करण्यात आली, तेव्हा कर्त्याच्या हाती किमतीचे २५ टक्के पडणार होते. आणि खेळाडूंच्या संतापामुळे ती सोयही काही दिवसांतच मागे घेतली गेली. 'वॉरक्राफ्ट ३'च्या २०२० सालच्या नव्या आवृत्तीबरोबर तो गेम करणाऱ्या ब्लिझार्डने जे नियम लावले, त्यांनुसार त्या गेमच्या एडिटरमध्ये केलेला कोणताही खेळ ब्लिझार्डच्या मालकीचा होतो. 'डोटा' हा लोकप्रिय खेळ याच एडिटरमधून जन्माला आला आणि त्यावर दुसऱ्या कंपन्या मोठ्या झाल्या, हे आठवले की त्या नियमांमागचे दुखणे कळते. तुम्ही मात्र चार वर्षे अशाच परक्या जमिनीवर बांधकाम केले आहे.

'द फरगॉटन सिटी'चे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते, ते नीट पाहावे. व्यवसायाने वकील असलेल्या निक पिअर्स यांनी २०१५ साली तो स्कायरिमचा मॉड म्हणून काढला आणि पुढच्या वर्षी त्याच्या संहितेला ऑस्ट्रेलियातील लेखक संघाचा पुरस्कार मिळाला. तरीही त्यावर पोट भरायचे ठरवल्यावर त्यांना तो अनरियलमध्ये पायापासून पुन्हा बांधावा लागला आणि स्कायरिमच्या जगाऐवजी रोमन काळातले शहर उभे करावे लागले. तो स्वतंत्र गेम २०२१ साली आला. कल्पना आणि संहिता बरोबर गेली. बाकी सगळे मागे राहिले.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. मॉडिंग थांबवा आणि स्वतःचा छोटा गेम करा. मॉड तुम्हाला पहिली पाच मिनिटे शिकवत नाही. ज्याने तुमचा मॉड बसवला त्याला चालणे, लढणे, पिशवी उघडणे हे सगळे आधीच येत असते, आणि तो तुमच्याकडे आपणहून आलेला असतो. अनोळखी माणसाला शून्यापासून खेळात घेणे आणि काय काय टाळायचे हे ठरवणे हे काम तुम्ही एकदाही केलेले नाही.

अर्धा नकाशा

तिघांचेही मनापासून आभार. 'उरलेली शाई' यांचा शेवटचा मुद्दा जिव्हारी लागला, कारण तो खरा आहे.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. मला एका मोठ्या मॉडच्या चमूतून बोलावणे आले आहे. संपूर्ण नवा प्रदेश, पंचवीस-तीस माणसे, आणि काम किती वर्षे चालेल याचा भरवसा नाही. असे मोठे काम नावावर असणे माझ्या चार तासांच्या क्वेस्टपेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल का? दुसरे म्हणजे, निर्णयांबद्दल बोला असे 'तळघर' म्हणाले, पण ते दाखवायचे कसे? माझ्याकडे जुन्या आवृत्त्यांच्या प्रती आहेत, पण त्या कोणाला दाखवण्याजोग्या नाहीत.

तळघर

दाखवण्याजोग्या नाहीत म्हणूनच दाखवा. एकाच दालनाची पहिली, मधली आणि शेवटची अवस्था शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येकीखाली चार ओळींत लिहा, की खेळणाऱ्यांनी कुठे घोटाळा केला आणि म्हणून काय हलवले. आवाज कोणी दिले, इतरांचे कोणते मॉड आधाराला घेतले, हेही न विसरता नोंदवा. आणखी एक व्यावहारिक गोष्ट: अर्ज पाहणाऱ्याकडे दहा मिनिटे असतात. तुमच्या सर्वोत्तम दालनाच्या दारात उभी असलेली सेव्ह फाइल आणि तेवढ्याच भागाचे छोटे चित्रीकरण सोबत द्या. चार तासांच्या क्वेस्टचा तिसरा तास कितीही सुंदर असला तरी तिथवर कोणी येणार नाही. तुमच्या मुलाखतीच्या बाई अपवाद होत्या.

मोठ्या चमूबद्दल सावध राहून सांगतो. अशा मॉडांपैकी पुष्कळसे मध्येच विझतात. जवळजवळ एकट्याने भव्य काम करून नोकरी मिळवणारेही आहेत. अलेक्झांडर वेलिकी यांनी वयाच्या १९व्या वर्षी, २०१३ साली, 'फाल्स्कार' हा नवा प्रदेश स्कायरिममध्ये आणला आणि तो स्कायरिम करणाऱ्या बेथेस्डात नोकरी मिळावी म्हणून केल्याचे उघड सांगितले. नोकरी मिळाली ती बंजी या दुसऱ्या स्टुडिओत. 'फॉलआउट ४'वरच्या 'फॉलआउट: लंडन' या मोठ्या मॉडच्या मुख्य लेखिकेला मॉड पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी बेथेस्डाने घेतले. तिच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट झाली, पण मागे राहिलेल्या चमूचा विचार करा. पुढे तोच मॉड २०२४ सालच्या एप्रिलमध्ये येणार होता, पण त्याच सुमारास मूळ गेमचा नवा पॅच आल्यामुळे तो जुलैपर्यंत लांबला. चमूत जायचे असेल तर एक गुहा किंवा एक क्वेस्ट एवढेच काम अंगावर घ्या, ते सहा महिन्यांत पुरे होईल अशा बेताने ठरवून घ्या, आणि बाकीचा प्रदेश कधीच झाला नाही तरी तो तुकडा स्वतंत्रपणे दाखवण्याची परवानगी आधीच मागून ठेवा.

'उरलेली शाई' यांच्याशी माझा मतभेद आहे, पण पूर्ण नाही. मॉडिंग थांबवू नका, कारण तक्रारी येणारा जिवंत मॉड हीच तुमची सर्वांत मोठी जमा बाजू आहे. तरीही अनरियल शिकायलाच हवे, आणि त्यासाठी नवा गेम रचत बसण्याआधी एक सोपी गोष्ट करून पाहा. तुमच्या क्वेस्टमधले एक दालन, प्रवेशापासून बाहेर पडण्यापर्यंत, अनरियलमध्ये नुसत्या राखाडी ठोकळ्यांनी उभे करा. दगड नको, मशाली नकोत, संगीत नको, होकायंत्रावरचा बाण तर अजिबात नको. मग स्कायरिम कधी न खेळलेल्या दोन-चार जणांना त्यातून चालायला सांगा आणि मागे गप्प उभे राहा. त्या बाईंनी जी वजाबाकी करायला सांगितली होती, ती हीच.

अर्धा नकाशा

उशिरा कळवतो आहे, कारण अनरियलशी झटापट करण्यात तीन आठवडे गेले.

दालन केले, पूल असलेले. चौघांना चालवले. मॉडमध्ये त्या जागेबद्दल आजवर एकही तक्रार आली नव्हती, म्हणून मला ते माझे सर्वांत पक्के काम वाटत होते. चौघांपैकी तिघे पुलाच्या अलीकडच्या कोपऱ्यात उजवीकडे वळले, बंद भिंतीपाशी जाऊन थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. पूल त्यांना दिसलाच नव्हता; तो दिसायला हवा तिथे मी एक जाड खांब ठेवला आहे. स्कायरिममध्ये तो खांब वर्षभरात कोणाला खटकला नाही, कारण सगळे बाणाकडे बघत चालत होते.

चमूला नाही कळवले आहे. खांब हलवून दुसरी आवृत्ती तयार आहे आणि पहिलीची प्रत जपून ठेवली आहे. उद्या आणखी तिघे येणार आहेत.